नळाची पूजा

चिखलीत नळ आला तेव्हा माझे सासरे जमिनीपासून वीतभर वर चालत होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि मामाजी, आम्ही सुना त्यांना मामाजीच म्हणायचो, नगरपालिकेत निवडून गेले होते. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलेला तो नळ म्हणजे जणू त्यांचंच कर्तृत्व. रोज सकाळी दात घासायलाही ते तिथेच जात, तोटी सोडून बघत, मान डोलावत आणि बाजाराकडे निघत.

आता नळ आहे तर गल्लीतली विहीर बुजवून वर सभेसाठी ओटा बांधायचा, असं त्यांनी मनात घेतलं. विहिरीचा रहाट काढूनही टाकला. सासूबाई चिडल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा सगळा संसार त्या विहिरीच्या पाण्यावर झाला होता.

"आज एक नळ हाय, उद्या घरोघरी होईन. गाव वाढून राह्यलं. टाकी वाढते काय?"

"तुह्या नातवाच्या लग्नापर्यंत पुरते पानी," मामाजी म्हणाले. "अन् विहिरीच्या पान्यानं पायात नारूचा किडा होते, ते इसरली काय?"

"ते पायऱ्याच्या विहिरीनं. आपल्या विहिरीत पाय कोन घालते?"

खरं सांगते, मी मनातून नळाच्याच बाजूची होते. पोहरा ओढून ओढून माझ्या हाताला घट्टे पडले होते. पण सासू-सासऱ्यांच्या भांडणात सुनेने तोंड उघडावं असे ते दिवस नव्हते.

त्यातच माझ्या बाळंतपणाला सव्वा महिना झाला. आमच्याकडे बाळंतीण तेव्हा विहीर पूजते. पूजा झाली की घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि घरी यायचं. रिकामी घागर घेऊन उंबरा ओलांडायचा नाही.

"जमाना बदलला," मामाजी म्हणाले. "नळाचीच पूजा करा."

"हाव," सासूबाई म्हणाल्या. आम्ही बघतच राहिलो.

त्या दिवशी सासूबाईंचं काही आटपेचना. घुगऱ्या शिजेनात, खण सापडेना. निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वरच्या आळीत नुकत्याच घरोघरी तोट्या बसल्या होत्या, तेव्हापासून भर दुपारी आमचा नळ कोरडा पडायचा. गल्लीतल्या बाईबाईला हे ठाऊक होतं. मामाजी तेवढे सकाळी नळ पाहून जायचे.

नळाला हळदकुंकू लागलं, खणानारळाने ओटी भरली. मी तोटी फिरवली. फुस्स झालं, दोन थेंब पडले, संपलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. जावेच्या हातातलं बाळ उन्हाने लालबुंद होऊन रडायला लागलं. मला घरी जायचं होतं, पण घागर रिकामी.

सासूबाईंनी मामाजींना बाजारातून बोलावून घेतलं. त्यांनी तोटी फिरवली, नळाला दोन चापट्या मारल्या. नळ ढिम्म.

"लेकराले उन्हात काऊन ठेवलं?" ते ओरडले.

"मंग भरा घागर," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "नाही तर बसतो आम्ही इथंच."

आमच्याकडचा दोर तर केव्हाच गोठ्यात गेला होता. शेजारच्या मुसलमान घरातली चाची हसत हसत आपला डोल आणि दोर घेऊन आली. "लो भाईसाब, खींचो."

मामाजींनी धोतर खोचलं. रहाट नसलेल्या विहिरीतून पाणी काढणं काय असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. दोर हातातून सटकत होता, टोपी पडली, अर्धं पाणी त्यांच्याच पायावर. पण पाणी निघालं, गार आणि स्वच्छ. माझी घागर त्यांनी काठोकाठ भरली, आणि मग कोणी न सांगता विहिरीच्या काठाला कुंकवाचं बोट लावलं. बायांची पूजा होती ती, पण त्या क्षणी मला त्यांचं फार कौतुक वाटलं. ती भरली घागर डोक्यावर घेताना हातावरचे घट्टे आठवलेही नाहीत.

पुढे बाजारात कुणीतरी डिवचायचं, "काय हो, विहीर कधी बुजवता?"

मामाजी गंभीरपणे सांगायचे, "गावात लेकरं होनं बंद झालं, की बुजवू."