न पाहिलेलं शून्य

"हे शून्य कोनं पाह्यलं?" उस्मान सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही. अमरावतीतल्या आमच्या छोट्याशा सल्लागार संस्थेत ते तपासनीस म्हणून आले, तेही उभ्याउभ्याच. खुर्ची दिली तरी तिच्या पाठीवर क्षणभर हात टेकवून पुन्हा येरझारा सुरू. चहासुद्धा चालत चालत प्यायचे. त्यांच्यामुळे आमच्यापैकी कुणालाच धड बसवत नसे.

सर अकोटचे. उभी हयात कपाशीवरच्या किडींची पाहणी करण्यात गेलेली. आणि आमच्याकडे काम आलं होतं समुद्राचं! सरकारी पैशातून समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. त्यांचा पक्ष्यांना किती उपद्रव होईल, याच्या अहवालातले तक्ते आम्ही भरत होतो. समुद्र आमच्यातल्या कुणीही पाहिला नव्हता.

पावसाळ्यात पक्षी मोजणाऱ्या होड्या समुद्रात गेल्याच नव्हत्या, म्हणून त्या महिन्यांचे नोंदीचे कागद कोरे आले. कोरे रकाने बरे दिसेनात, तिथे मी शून्य टाकलं. कपाशीनं साऱ्या वऱ्हाडाला रडवल्याची ती वर्षं. आमच्या चांदूर बाजारच्या घरात पगार आणणारी मी एकटी, तीही कंत्राटावर. अहवाल वेळेत गेला तरच मुदतवाढ होती. पण खरं सांगते, शून्य टाकताना मी यातलं काहीच मनात आणलं नव्हतं. सवयीनं टाकलं.

"सर, होडी गेलीच नव्हती," मी म्हणाले.

"मंग पक्षी नव्हते असं कावून लिवलं, बेटा? आपुन गेलो नाही, हे लिवाचं. मले बी वीज पाह्यजे. अकोटात रोज दिवे जातेत. पन पावसाळ्यात तिथून पाखरं जातेत का, हे एकदा पाहून त घ्या!"

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. बोंडअळीच्या एका वर्षी पुरानं रस्ता तुटला आणि एका गावाची पाहणी राहिली. सरांनी त्या गावापुढे शून्य लिहिलं. कीड नाही म्हटल्यावर फवारणीची सूचना तिकडे गेलीच नाही. "पानी ओसरल्यावर गेलो, त बोंडं सारी पोकळ. एक म्हातारी म्हने, साहेब, तुमी त आले बी नव्हते." बोलतानाही त्यांचे पाय थांबले नाहीत.

आमच्या संस्थेच्या साहेबांपुढे मात्र त्यांनी आवाज चढवला नाही. "पावसाळ्यातली पाहनी झाली नाही, एवढी एक ओळ टाका. आत्ता सही करतो."

"त्या ओळीपायी अहवाल वर्षभर अडकेल. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं का?"

"थांबाचं."

"आमचं तुमच्या सहीवाचून अडत नाही. कोरे कागद मी तर पाहिले नाहीत."

सर माझ्याकडे वळले. "बेटा, तूच सांग साहेबाले. होडी गेली होती का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला आठवत नाही, सर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाले, पिशवी उचलली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. अहवाल दुसऱ्याच्या सहीनं गेला. मला मुदतवाढ मिळाली.

सर वारल्याचं मला फार उशिरा कळलं. एका रविवारी मी अकोटच्या गाडीत बसलेसुद्धा. वाटेतच परतवाड्याला उतरले आणि परत फिरले. त्यांच्या घरी कुणी दार उघडून विचारलं असतं, तुम्ही सरांच्या कोण, तर काय सांगणार होते?