अकरा दिवस चालू ठेवलेलं कार्ड

माझ्या क्रेडिट कार्डावरून कोणीतरी चोरी करतंय हे मला कळलं, आणि त्यानंतर अकरा दिवस मी ते कार्ड चालूच ठेवलं.

विसरलो नव्हतो. बंद कसं करायचं हे ठाऊक नव्हतं असंही नाही. कार्डाच्या पाठीवर नंबर छापलेला असतो आणि चष्मा लावला की मला तो दिसतो. समजून-उमजून, सकाळी दात घासताना ‘आज करू’ आणि संध्याकाळी भांडी पालथी घालताना ‘उद्या करू’ असं म्हणत मी अकरा दिवस काढले. एवढा मूर्ख माणूस सहसा मिळत नाही, तेव्हा सविस्तर सांगतो.

मी मुरबाडच्या आगारात वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे कुठली गाडी कितव्या फलाटाला लागली ते माईकवरून ओरडून सांगणारा माणूस. लोक मला कंट्रोलर म्हणायचे, अजून म्हणतात. कंट्रोलमध्ये काय, तर एक माईक. तोही ऐन गर्दीत खरखरायचा. निवृत्त झालो आणि तीन वर्षांत बायको गेली. मुलगा वाशिंदला कारखान्यात आहे, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दीड तासाचा रस्ता. दिल्लीला असता तर न येण्याला निदान कारण तरी असतं.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, चढावर. बायको ब्लाउज शिवायची, त्यामुळे दिवसभर बायकांचा राबता असायचा. मी आगारातून आलो की त्यांना आगारातल्या गमती सांगायचो आणि त्या हसायच्या. हा राबता निम्मा तरी माझ्यामुळे आहे असं मी धरून चाललो होतो. ती गेली आणि पंधरा दिवसांत कळलं, तो सगळा शिलाई मशीनचा होता.

मग हे कार्ड आलं. पेन्शन काढायला बँकेत गेलो तर टाय लावलेला एक तरुण म्हणाला, “काका, फ्री आहे.” त्याने फॉर्मवरच्या चौकोनांत भराभर खुणा केल्या आणि एका चौकोनावर थांबला. “परदेशातली खरेदी चालू ठेवू का?” मी म्हणालो, “ठेव. उगाच कुठे अडायला नको.” आमच्या जवळच्या वैशाखरे गावापुढचा घाट चढून मी आयुष्यात चार वेळा गेलो असेन. पण परदेश चालू ठेवला.

पहिल्यांदा शेजारच्या म्हातारीच्या सुनेने मिक्सरचं भांडं मागवलं. म्हणाली, “काका, तुमच्या कार्डावर सूट मिळते म्हणं.” भांडं आलं, ते चार घरांनी पाहिलं आणि मग दार उघडलंच. संध्याकाळ झाली की माणसं ओट्यावर. खालच्या आळीत रेंज धड नाही, माझ्या ओट्यावर चार काड्या उभ्या राहतात, त्यामुळे खरेदी तिथेच व्हायची. मी आत चहा ठेवायचो आणि बाहेर लोक माझ्याच फोनवरून, माझ्याच कार्डावर हवं ते मागवायचे. मी आतून विचारायचो, “ओटीपी आला का?” बाहेरून उत्तर यायचं, “आला कंट्रोलर, टाकला बी.” काय मागवलं, कोणी मागवलं, मी कधी विचारलं नाही. पैसे लोक नीट आणून द्यायचे, तो प्रश्न कधी आलाच नाही.

पार्सलं माझ्या नावाने फाट्यावरच्या टपरीत उतरायची. ती मी पिशवीत घालून वर आणायचो, ओट्यावर उभा राहायचो आणि जुना आवाज लावायचो: “प्रवाशांनी लक्ष द्यावे. खालच्या आळीच्या वहिनींचं कुकरचं रबर फलाट क्रमांक एकवर लागलेलं आहे.” लोक हसायचे. दिवसभरातलं माझं मोठ्याने बोलणं एवढंच. बाकी दिवस मी कुकरशी आणि कावळ्याशी बोलायचो, आणि त्यांना ओटीपी लागत नाही.

आता चोरीकडे येतो. बायकोचं मशीन जुनं, परदेशी. तिच्या मामाने बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेलं. त्याची बॉबिन केस मोडलेली होती. शेजारच्या सुनेला शिवण येत होतं, मशीन नव्हतं. मला वाटलं, ही बसेल शिवायला, घरात तो आवाज पुन्हा सुरू होईल. कल्याणचा दुकानदार म्हणाला, “काका, ह्याचे पार्ट आता मिळत नसतात, देव्हाऱ्यात ठेवा मशीन.” शेवटी परदेशातल्या एका दुकानात, फोनवरच, ती केस सापडली. मागवली. महिन्याने आली, बसलीसुद्धा. आणि सून म्हणाली, “काका, आमच्याकडेच नेते मशीन. पोरांकडं बघत शिवता येईल.” नेलं. आवाज घरात यावा म्हणून मी परदेशातून सामान आणलं आणि आवाज मशीनसकट शेजारी गेला. भिंतीतून येतो थोडा. आपल्या वाट्याचा तेवढा.

काही महिन्यांनी त्या परदेशी दुकानाचं इंग्रजी पत्र फोनवर आलं. वर ‘प्रिय’ आणि पुढे माझं पूर्ण नाव. फोनलाच भाषांतर करायला लावलं. आमच्याकडे चोरी झाली आहे, ग्राहकांच्या कार्डांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, आम्हाला खेद वाटतो, असं काहीसं होतं. शहाण्या माणसाने त्याच क्षणी कार्ड बंद केलं असतं. मला मात्र एवढ्या लांबून कोणी खेद वाटून घेतोय याचंच कौतुक वाटलं. मी उत्तर लिहिलं, शब्दकोश घेऊन, दुपार खर्ची घालून: कृपया मनाला लावून घेऊ नये, बॉबिन केस उत्तम चालते आहे, सर्वांना नमस्कार. ते पत्र मिनिटाभरात परत आलं. त्या पत्त्यावर कोणी वाचतच नव्हतं.

त्यानंतर पंधरवड्याने, पौषात, म्हसा गावची मोठी जत्रा तोंडावर आलेली असताना पहिला मेसेज आला. सकाळची वेळ, घरात मी एकटा, आणि माझ्या कार्डावरून कुठल्याशा परदेशी चलनात किरकोळ खरेदी झालेली. ओटीपी नाही, काही नाही. मी आगारात खिसेकापू पाहिलेले आहेत. पहिला हात ते हलकाच लावतात. मला लगेच कळलं.

कार्डाच्या पाठीवरचा नंबर फोनवर दाबलासुद्धा. मग हिशेब मनात आला. कार्ड बंद केलं की नवं टपालाने येणार. आमच्याकडे टपाल यायचं म्हणजे फाट्यावर, आणि फाट्यावरून कोणाच्या तरी मनात येईल तेव्हा. महिना कुठे गेला. आणि जत्रेचे दिवस; घराघरांत लेकी-जावई यायचे होते, ओट्यावर रोज दहा-बारा माणसं. कोणाला चादरी, कोणाला जावयासाठी शर्ट. कार्ड गेलं म्हणजे ओटा गेला. मी फोन खाली ठेवला. म्हटलं, जत्रा होऊन जाऊ दे.

चोर पुढे रोज येत राहिला. आज गाण्यांचं काहीतरी, उद्या बूट. रोज सकाळी चहाच्या वेळेला मेसेज. नेमस्त माणूस. मुलापेक्षा नियमित. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी सकाळी वाट बघायला लागलो, आज काय घेतो याची. हे मी बँकेत सांगितलं नाही, इथे पहिल्यांदाच सांगतोय.

अकराव्या दिवशी त्याने कुठल्याशा शहरात हॉटेलच्या दोन खोल्या घेतल्या. दोन! म्हणजे त्याच्याबरोबर माणसं होती. का कोण जाणे, पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. मी नंबर लावला आणि कार्ड बंद केलं.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, पहिल्याच दिवशी सांगायचं ना.”

“आला असतास?”

“कार्ड बंद करायला यावं लागत नाही बाबा. फोन पुरतो.”

बरोबर होतं त्याचं. त्याला सगळ्यालाच फोन पुरतो.

बँकेत एक तरुण बाई होत्या. माझ्या नातीच्या वयाच्या म्हणणार होतो, पण नात अजून तिसरीत आहे. त्यांनी महिन्याभराचा कागद छापून माझ्यापुढे ठेवला. “काका, यातली तुमची खरेदी कोणती?”

मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. “यातली माझी एकही नाही.”

“म्हणजे सगळं फ्रॉड?” त्या दचकल्या.

“नाही, नाही. या खालच्या अकरा ओळी फ्रॉड. बाकीचं गाव आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “गाव?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अर्धवट तोंड उघडं ठेवून. मग म्हणाल्या, “कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं हो काका.” मी म्हणालो, “हातात नाही दिलं, ओट्यावर ठेवलं होतं.” त्या हसल्या नाहीत. “पहिला मेसेज आला तेव्हाच का नाही कळवलंत?”

काय सांगणार? माणसं येत होती, असं बँकेच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात बसतं? मी म्हणालो, “जत्रा होती.” त्यांनी तसंच टाइप केलं. उशीर झाल्यामुळे सगळी रक्कम परत मिळेलच असं नाही म्हणाल्या, आणि गावाची म्हणून जी खरेदी आहे ती ज्याची त्याच्याकडून खात्री करून आणा.

मग मी तो कागद घेऊन घरोघर फिरलो. बायको गेल्यापासून खालच्या आळीतल्या घरांत मी पाऊल टाकलं नव्हतं. माणसं माझ्याकडे येतात, मी कशाला जायचं, असा रुबाब होता. एका घरात चुलीपुढे सात जण जेवत होते. माझ्या कार्डावर आलेल्या ताटांत. “बसा की कंट्रोलर,” म्हणाले, आणि मी बसणार तेवढ्यात कागद पाहून म्हणाले, “ह्ये काय, तुमी पोलीस झाले का?” पुढच्या घरात केस काळे करायच्या बाटलीचा विषय निघाला. घरधनी म्हणाला, “आपली नाय बा ती.” त्याचं डोकं इतकं काळं होतं की बायको पदराआड हसत होती. मी बाटलीपुढे त्याचं नाव लिहिलं आणि उठलो. सगळ्या ओळींपुढे नावं लागली, कोणी खोटं बोललं नाही. पण घराबाहेर पडताना प्रत्येक दारात मला वाटत होतं, ही आपली शेवटची खेप.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर कोणी नाही. सवयीने बारा कप चहा ठेवला होता, तो दोन दिवस पुरवला. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या नाही. शेजारी जत्रेला लेक आलेली, हसणं भिंतीतून यायचं. मशीन बंद होतं. मीही कुठे गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? फोन उशाशी ठेवून बसायचो. मुलाचा नाही, बँकेचा नाही. कर्ज घ्या म्हणून दिवसातून दोनदा गोड बोलणाऱ्या बाईचाही नाही. चोराने तर ओळखच टाकली. पाच दिवस त्या फोनने आवाज म्हणून केला नाही. मी एकदा कावळ्याला म्हणालोसुद्धा, बघ, कार्ड एक बंद केलं आणि माणूसच बंद झाला.

सहाव्या दिवशी ऊन उतरताना अंगणात चपला वाजल्या. बाहेर येऊन बघतो तर दोघं, मग चौघं, मग ओटा भरला. केस काळे केलेले गृहस्थ, खालच्या आळीच्या वहिनी, शेजारची म्हातारी, तिची सून, माहेरी आलेली लेक. मी आत जाऊन सगळं दूध ओतून चहा ठेवला, मुलासाठी राखून ठेवलेला बिस्किटांचा पुडा फोडला. कप वाटले. मग ओट्याच्या मधोमध उभा राहिलो आणि आवाज लावला: “प्रवाशांनी लक्ष द्यावे. कार्ड रद्द झालेलं असतानाही प्रवासी आलेले आहेत, त्याबद्दल कंट्रोलर सर्वांचा आभारी आहे.”

कोणी हसलं नाही. कोणी मानसुद्धा वर केली नाही; सगळ्यांच्या मुंड्या आपापल्या फोनात. म्हातारीने तेवढं माझ्याकडे पाहिलं. तोंडातली मिश्री अंगणात थुंकली.

“भावजी, पाच दिस टावर बंद व्हता. आज दुपारी चालू झाला. तुमचा फोन बी मेलेलाच असंल की. कळला नाय तुमाला?”

“नाही,” मी म्हणालो.

“कारडासाठी कोन येत नाय, न तुमच्यासाठी बी कोन येत नाय. हितं रेंज हाय म्हनून येतात. आता सरका बाजूला, तुमी मधी उभं राह्यलं का काड्या कमी व्हतात.”