किल्ल्यावरची मातीची बाई

माझ्या बायकोने केलेली मातीची बाई मी बादलीत बुडवली, हाताने तिचा चिखल केला आणि मुलीला सांगितलं, "विसर्जन केलं." हे खोटं होतं.

बायको इंग्लंडमधल्या एका खेड्यातली. स्वतःला पेगन म्हणवायची. देऊळ नाही, पोथी नाही. माती, सूर्य आणि ऋतू हेच तिचे देव. लग्नानंतर मी तिला माझ्या लहानपणच्या दिवाळीतल्या किल्ल्याबद्दल सांगितलं आणि ती हरखलीच. मग दरवर्षी दुबईत, करामा भागातल्या आमच्या बाल्कनीत नर्सरीतल्या लाल मातीचा किल्ला व्हायला लागला. उतारावर आम्ही आळीव पेरायचो. महाराज आणि मावळे मात्र तिने कधी बसवले नाहीत. त्यांच्या जागी उरलेल्या मातीची एक जाडजूड बाई असायची. किल्ला मोडला तरी ती हिवाळाभर खिडकीत राहायची. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे झाले की मायलेकी तिला कढीपत्त्याच्या कुंडीत कुस्करायच्या.

शेवटची बाई कुस्करायच्या आधीच बायको गेली. मुलीने मग त्या बाईला कुणालाच हात लावू दिला नाही. बाईच्या पोटावर बायकोच्या अंगठ्याचा ठसा होता.

यंदा, ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला, माझी आई पहिल्यांदाच दुबईला येणार होती. सून ख्रिश्चन आहे, असं मी तिला इतकी वर्षं सांगत आलो होतो. तेवढंच सांगायला सोपं होतं. आता खिडकीतल्या बाईबद्दल तिने विचारलं तर? आई यायच्या आदल्या दिवशी, मुलगी शाळेत असताना, मी बादली भरली. चिखल बाथरूमच्या जाळीत ओतला आणि वर दोन तांबे पाणी सोडलं.

मुलगी घरी आली ती थेट खिडकीपाशी गेली.

"बाबा, व्हेअर इज शी?"

"विसर्जन केलं गं. आपल्याकडे असंच असतं."

"बट इट्स नॉट मार्च." तिने कढीपत्त्याच्या कुंडीकडे पाहिलं. "कुंडीत टाकलं ना?"

मी मान डोलावली.

"ओके. यंदा किल्ला नको."

नरकचतुर्दशीला अंघोळी आटोपल्यावर आई बाल्कनीत डोकावली. "किल्ला कुठाय रे? आणि त्याच्यावरची ती बाई?"

"तुला कसं माहीत?"

"सून फोटो पाठवायची की दरवर्षी. मी म्हटलं, भूमाता असेल. तिला वाहायला हळदकुंकू आणलंय मी." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "काढून ठेवलीस होय? माझ्यासाठी? भलताच सोवळा झालास की रे दुबईत येऊन!"

मला हसता आलं नाही. मी मुलीच्या खोलीत गेलो. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खाली फरशीवर बसलो.

"ते विसर्जन नव्हतं," मी म्हणालो. "विसर्जन करताना माणसं निरोप देतात, पुन्हा ये म्हणतात. मी नुसतं लपवत होतो. आजी काय म्हणेल, या भीतीने मला तुझ्या आईची लाज वाटली. आणि ती माती कुंडीत नाहीये, बाळा. मी ती मोरीत ओतली. तुला विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं. मला माफ कर."