चारशे झाकणांची फळी

दत्तोपंतांना अलमास मॅडमचा हेवा वाटायचा. ही गोष्ट त्यांनी निदान स्वतःपासून तरी कधी लपवली नाही. डोंगरकडा गावच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे प्रयोगशाळा सहायक. एकतीस वर्षं एकाच लॅबची किल्ली त्यांच्या खिशात. खरं नाव दत्तात्रय, पण प्राचार्यांपासून कॅन्टीनच्या रूपाबाईपर्यंत सगळे दत्तोपंतच म्हणत. येत्या जूनमध्ये निवृत्ती होती. त्याआधी एकदा तरी कुणी चारचौघांत म्हणावं, की हे दत्तोपंतांचं काम आहे. बाकी त्यांना काही नको होतं.

काम म्हणजे ती फळी. ते राहायला वारंगा फाट्याला. तिथल्या टपऱ्यांवरून त्यांनी सोड्याच्या बाटल्यांची चारशे झाकणं गोळा केली होती, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पांढरा रंग दिला होता आणि प्लायवूडच्या फळीवर ती वीस ओळींत, फिरवता येतील अशी खिळ्यांवर बसवली होती. चुंबक तापवत नेला की एका ठरावीक उष्णतेला त्याचं चुंबकत्व एकाएकी जातं. ते कसं, हे पोरांना दाखवायचं होतं: झाकण म्हणजे चुंबकातला कण, रंग म्हणजे त्या कणाचं तोंड कुठल्या दिशेला. प्रत्येक झाकणानं आपले चार शेजारी बघायचे आणि ज्या रंगाचे जास्त, तो रंग घ्यायचा. मात्र आधी दोन फासे टाकायचे. बारा पडले तर शेजाऱ्यांचं न ऐकता उलटा रंग घ्यायचा. या उलटं वागण्याला, म्हणजे उष्णतेला, दत्तोपंत गडबड म्हणत. बारालाच गडबड धरली तर फळी जवळजवळ एका रंगाची होई. दहा, अकरा, बारा तिन्हींना धरली की लाल-पांढऱ्याची खिचडी. दरवर्षी विज्ञान दिनाला ते हे दाखवत, आणि त्या एका दिवशी प्राध्यापकसुद्धा त्यांच्यामागे उभे राहून माना डोलावत.

दोन वर्षांपूर्वी अलमास मॅडम आल्या. कळमनुरीच्या कापडवाल्या चाँद पाशांची लेक, वय अठ्ठावीस, बोलणं गोड, त्यात पीएचडी सुरू. तिचा विषय दत्तोपंतांनी दोनदा विचारून घेतला, कारण तो त्यांच्या फळीचाच विषय होता. फक्त तिची झाकणं कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती, शंभर बाय शंभर, दहा हजार ठिपके. जे करायला वीस पोरांना तास लागे, ते तिथं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होई. गडबडीला ती नॉइज म्हणायची. ती त्यांना पंतकाका म्हणायची, डबा उघडला की आधी त्यांच्यापुढे धरायची, आणि हेच त्यांना जास्त खुपायचं. माणूस वाईट असता तर जळायला बरं पडलं असतं. हळूहळू सगळं कॉलेज तिच्याकडे वळलं. लॅबचा पंखा बंद पडला तरी लोक तिलाच विचारू लागले, आणि ती बिचारी सांगायची, पंतकाकांना विचारा.

घरी ते याच गोष्टी रोज उगाळत. एकदा बायको वैतागली.

"तुमी काहून जळून राहिलात त्या लेकरावर?" तारा म्हणाली. दत्तोपंत ताट सारून उठले.

जानेवारीत मॅडमचं गाडं अडलं. गडबड अगदी कमी ठेवली की सगळे ठिपके एका रंगाचे व्हायला हवेत, असा तिचा हिशेब. पण पडद्यावर अर्धा भाग लाल, अर्धा पांढरा, मधे सरळ रेघ, आणि ती रेघ काही केल्या हलेना. तीन आठवडे पोरगी त्या रेघेशी झटत होती. तिचे डोळे सुजले. मार्गदर्शकांचा नांदेडहून फोन आला की ती व्हरांड्यात जाऊन हळू आवाजात बोलायची.

दत्तोपंतांना ती रेघ पाठ होती. एका वर्षी फासे हरवले, म्हणून त्यांनी गडबड न धरताच खेळ चालवला होता, तेव्हा फळीवर हुबेहूब तशीच रेघ पडली होती. सरळ रेघेवरच्या प्रत्येक झाकणाला आपल्याच रंगाचे शेजारी जास्त, मग कोण कशाला बदलेल? नवे फासे आणल्यावर रेघ वाकडी झाली, सरकत गेली आणि शेवटी एक रंग जिंकला. थोडी गडबड वाढव, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. तीन आठवडे ते पलीकडच्या टेबलावर लोलक पुसत बसले आणि तिची फजिती चवीनं बघत राहिले.

त्यातच प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की यंदा विज्ञान दिनाला अलमास मॅडम प्रोजेक्टरवर दाखवतील, तुमची फळी आता अडगळीच्या खोलीत ठेवा. शेवटचं वर्ष होतं. दत्तोपंतांनी स्वतःच्या हातानं फळी उचलून नेली, आणि नेताना सत्तावीस झाकणं निखळून पडली ती मोजून खिशात घातली.

त्या शनिवारी मॅडम प्रोग्रॅम सुरू करायच्या बेतात होत्या. तो कोट्यवधी फेऱ्यांचा होता आणि सोमवारपर्यंत चालणार होता, शेवटचा प्रयत्न. मध्येच त्या पाणी आणायला गेल्या. पडद्यावर गडबडीचा आकडा होता, शून्य टिंब पाच टक्के. दत्तोपंत उठले आणि त्यातलं शून्य आणि टिंब पुसून टाकलं. उरले नुसते पाच. दहापट गडबड म्हणजे सगळ्याची खिचडी. सोमवारी येऊन बघेल आणि रडेल, असा त्यांचा सरळ विचार. मॅडम आल्या, न बघता बटण दाबलं, घरी गेल्या. रविवारभर दत्तोपंतांना जेवण गोड लागलं.

सोमवारी पडदा लाल होता. सगळा लाल, मधे कुठेकुठे पांढरे ठिपके. रेघ गायब. पाच हा आकडा खिचडी होण्याच्या जरासा अलीकडे पडत होता; दत्तोपंतांचा नेम थोडक्यात हुकला होता. मॅडमनी आकडा बघितला, मग दत्तोपंतांकडे बघितलं. लॅबमध्ये त्या शनिवारी तिसरं कुणी नव्हतं. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. आता तक्रार होणार, निवृत्तीच्या तोंडावर नाव खराब होणार, या धास्तीत त्यांनी विज्ञान दिनापर्यंतचे दिवस कसेबसे काढले.

विज्ञान दिनाला सभागृहात प्रोजेक्टरशेजारी ती फळी उभी होती. पुसलेली. सत्तावीस जागा रिकाम्याच होत्या.

"माझ्यामुळं पंतकाकांची फळी अडगळीत गेली," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तरी माझं काम अडलेलं त्यांना बघवलं नाही. मला कमीपणा वाटू नये म्हणून ते न सांगता एक टिंब पुसून गेले. हे काम त्यांचं आहे."

सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी उठून हात मिळवला. कार्यक्रम संपल्यावर ते मॅडमकडे गेले, टिंबाबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं प्रबंधाचं आभाराचं पान त्यांच्या हातात ठेवलं. वर त्यांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. टिंबाची गोष्ट न काढताच त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं.

घरी येताना बसमध्ये त्यांनी ते पान चार वेळा वाचलं. त्यातला दत्तात्रय मोठ्या मनाचा होता. त्याची फळी कुणी काढून टाकली तरी तो रागावला नाही, एका पोरीचं दुःख त्याला पाहवलं नाही. अलमासचा कधी वाटला नव्हता इतका हेवा दत्तोपंतांना त्या माणसाचा वाटला.

तारानं पान वाचलं आणि तिचा चेहरा फुलला. दत्तोपंतांनी खिशातली झाकणं काढून टेबलावर ठेवली.

"हे तर तुमीच की," ती म्हणाली.

"न्हाई," दत्तोपंत म्हणाले. "हा मदत करायला गेला होता."