आणि एक निपाणीचा

आप्पांनी बंद केलेली वस्तू आप्पांशिवाय कुणाच्या बापाला उघडता येत नसे. लोणच्याची बरणी, न्हाणीतला नळ, पाण्याची बाटली, काहीही असो. त्यांचा हात लागला की संपलं. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण मला निघेना. मी सांबऱ्याची, शेतातल्या मोटारीचे नट सोडवत वाढलेली पोर. मला लाजच वाटली. पदरात धरून बघितलं, दाराच्या फटीत अडकवून बघितलं, शेवटी नवऱ्याला हाक मारली. सतीश जवळसुद्धा आला नाही. लांबूनच हसून म्हणाला, "आप्पांनी लावलंय न्हवं? मग आज कोरडीच वेणी घाल."

आप्पा म्हणजे माझे सासरे. बेळगावच्या कोर्टात वकिली करायचे. अंगानं बारके, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज मऊ. पण मनगटं अशी की बघणाऱ्याला वाटावं, ही दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणलीत. हिंडलग्याच्या रस्त्याला आमचं घर आणि दारातल्या आंब्याखाली त्यांची जुनी निळी गाडी. बाकीच्या दुखण्यांना ते गाडी गॅरेजात न्यायचे, पण इंजिनचं तेल बदलायचं ते स्वतःच, आणि तेही खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी हत्यारांची आणि वाहनांची पूजा असते, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, माहेरी निपाणीला सोनं वाटायला जायचा आमच्या घरचा शिरस्ता. "तुझ्या माहेरी काळ्या तेलानं जायचं म्हणजे मळक्या धोतरानं जाण्यासारखं हाय," असं ते आत्यांना सांगायचे. आत्या चहा ठेवायच्या.

आता तेल बदलणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. इंजिन थोडं गरम करायचं, खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल घमेल्यात सोडायचं. मग राहतो तो फिल्टर. चहाच्या मोठ्या पेल्याएवढा पत्र्याचा डबा. तो हातानं फिरवून बसवायचा असतो आणि हातानंच निघायला हवा. पण आमचा निघेल कसा? तो बसवलेला असायचा आप्पांनी! म्हणजे दर वर्षी गाडीखाली खटला उभा राहायचा तो गेल्या वर्षीचे आप्पा विरुद्ध या वर्षीचे आप्पा असा, आणि दोन्ही बाजूंचे वकील एकच. "कोर्टात तारीख मिळते," ते खालून ओरडायचे, "हितं तारीख न्हाय! आज निकाल लागलाच पायजे!"

निकालासाठी त्यांच्याकडे पायऱ्या होत्या. आधी नुसता हात. मग फिल्टरला पॉलिश पेपर गुंडाळून हात. मग कपाटातला चामडी पट्टा यायचा. तो फिल्टरभोवती आवळून, बक्कलात लोखंडी दांडा घालून पिळायचा. या सगळ्या वेळात तोंड चालूच. शिव्या मराठीतून, विनवण्या कानडीतून. "बारप्पा, बारो," असं लाडीगोडीनं त्या डब्याला बोलवायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, त्याला कानडीच का?" तर म्हणाले, "अडून बसलेल्या साक्षीदाराला कधी त्येच्या भाषेत विचारू नये. दुसऱ्या भाषेत इचारलं की जरा गोंधळतो, आणि गोंधळला की सुटतो." मला ते तेव्हा खरंच वाटलं होतं. अजूनही थोडंसं वाटतं.

एका वर्षी सतीशला पुरुषार्थ आठवला. हा माझा नवरा बँकेत आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला तर आधी त्याला घाम फुटतो. तरी "तुम्ही सरका आप्पा, मी बघतो" म्हणून गाडीखाली शिरला, पट्टा लावला आणि दात-ओठ खाऊन असा जोर केला की गाडी हलली. खाली उताणं पडल्यावर डावं-उजवं उलटं होतं हे साहेबांच्या ध्यानातच नाही. आप्पांनी वाकून हात लावून बघितला आणि कौतुकानं म्हणाले, "वा रं पठ्ठ्या! मी बी एवढा आवळला नसता." त्या वर्षी सगळ्या पायऱ्या संपल्या. शेवटी फिल्टरच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर ठोकून आरपार घातला आणि त्याच्या मुठीनं फिरवला. फिल्टर सुटला, पण आतलं सगळं तेल आप्पांच्या बाहीतून थेट काखेत गेलं. अंगणात बसून ते पोट धरून हसत होते. असं हसणारं माणूस घरात असणं म्हणजे काय असतं, ते ते असताना कुठं कळतं?

नवा फिल्टर बसवताना मात्र त्यांचं बोलणं बंद व्हायचं. रबराच्या कड्याला बोटानं ताजं तेल लावायचं, डबा हलक्या हातानं फिरवत न्यायचा, टेकला की अजून थोडा आवळायचा. इथं जगातली सगळी शहाणी माणसं थांबतात. आप्पा थांबायचे नाहीत. पट्टा परत लावायचे, श्वास धरायचे आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "आणि हा एक निपाणीचा." की कर्रकन एक शेवटचा पीळ. मी समजायची, बायकोच्या माहेराची चेष्टा आहे. घरोघरी चालते तसली.

तसं नव्हतं ते. एका खंडेनवमीला आत्या आधीच निपाणीला गेल्या होत्या, भावाच्या घरी काही कार्य होतं म्हणून. फिल्टर काही केल्या निघेना आणि माझा पारा चढला. मी म्हटलं, "आप्पा, गाडीच्या पुस्तकात चक्क लिहिलंय, हातानं आवळला की पुरे. उगीच जिवाला त्रास करून घेता." ते खालून सरकत बाहेर आले. चष्मा पुसला. म्हणाले, "व्हय. मी बी तेच वाचून लावलोतो."

मग सांगितलं. सतीश तेव्हा जन्मलेलाही नव्हता. गाडी नवी होती आणि तेल बदलायची हौसही नवी. पुस्तकात वाचून त्यांनी फिल्टर बोटांच्या जोरावर लावला आणि नेमका निपाणीहून निरोप आला, आत्यांचे वडील शेवटच्या घटका मोजतायत, लेकीला बोलवतायत. दोघं निघाले. वाटेभर फिल्टरमधून तेल गळत होतं आणि आप्पांना पत्ता नव्हता. तवंदीच्या घाटात तेलाचा लाल दिवा लागला, आणि ते थांबेपर्यंत इंजिन जाम झालं. "घाटातनं खाली निपाणी दिसत हुती गं शोभा," आप्पा म्हणाले. "घरं दिसत हुती. तुझी आत्या रस्त्याच्या कडंला उभी, नुसती तिकडं बघत." शेवटी तंबाखूच्या एका ट्रकला हात केला. पोचले तेव्हा वडील गेले होते, त्यांना खाली घेतलं होतं.

"आत्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय न्हाय. आजपातूर एक शब्द न्हाय. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं." एवढं बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले. घाटातल्या त्या दिवसापासून आमच्या घरात कुठली बरणी सैल राहिली नव्हती, कुठला नळ ठिबकला नव्हता. आणि मी पुन्हा कधी पुस्तकातलं काढलं नाही.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला आप्पा थकले होते. जुना फिल्टर मीच काढला, घाम गाळून, सगळ्या पायऱ्या चढून. पण नवा बसवायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. "ते माझं काम हाय," म्हणाले आणि आत शिरले. बराच वेळ गेला. खालून काही आवाज नाही. मी पट्टा पुढं केला तर म्हणाले, "नको. झालं." हात पुसत बाहेर आले. निपाणीचा एक त्यांनी दिला की नाही, मला ऐकू आलं नव्हतं. मी मनात म्हटलं, मनातल्या मनात दिला असेल.

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवत होते. आप्पा शेजारी, आत्या आणि सतीश मागं, आत्यांच्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. एरवी वाटेभर कोर्टातल्या गमती सांगणारा माणूस त्या दिवशी गप्प. नजर सारखी डॅशबोर्डवरच्या दिव्यांवर. घाटाच्या तोंडाला म्हणाले, "थांबव जरा." मला वाटलं, मळमळत असेल. ते उतरले, रस्त्याच्या कडेला गाडीला धरून धरून गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली वाकून बघितलं. बोट फिरवलं, बोट बघितलं. मग उठून आत्यांच्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "गळत न्हाय." आत्या म्हणाल्या, "बसा आता. ऊन लागंल." आम्ही निपाणीला गेलो, सोनं वाटलं, जेवलो, परत आलो. उन्हाळ्यात आप्पा गेले.

यंदा घरात सण नव्हता. वर्ष व्हायचं होतं. गाडीला हार नाही, लिंबू नाही, पाटावर हत्यारं नाहीत. मी म्हटलं, तेल पुढं बघू. तर आत्याच म्हणाल्या, "सण आपल्याला न्हाय. गाडीला कसलं सुतक?" म्हणून मी पॉलिश पेपर घेतला, पट्टा घेतला, दांडा घेतला, ठोकायचा स्क्रू-ड्रायव्हरही जवळ ठेवला. खरं सांगते, मला तो फिल्टर काढायचाच नव्हता. आप्पांच्या हातचा शेवटचा पीळ होता त्यात. घरातल्या सगळ्या बरण्या आम्ही एकेक करून उघडून बसलो होतो. एवढा एकच राहिला होता. वाटत होतं, निघू नये. दोन तास निघू नये. शिव्या द्याव्यात, कानडीतून विनवावं, आणि तो हटून बसावा.

मी गाडीखाली गेले. नुसता अंदाज घ्यायला म्हणून हात लावला, जरा फिरवला.

निघाला की हो तो! बरणीचं झाकण निघावं तसा, हातात आला. पेपर नाही, पट्टा नाही. माझ्या मनगटावरून कोमट तेल वाहत होतं आणि मी तो डबा छातीशी धरून तशीच पडून राहिले. मग सगळं उलगडलं. त्यांच्या हातात जोरच राहिला नव्हता. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सैल फिल्टरवर बायकोला घेऊन ते पुन्हा त्याच घाटातून निघाले होते, आणि सबंध वाट त्यांचा जीव त्या एका लाल दिव्यावर टांगलेला होता. मला हुंदका आवरेना.

"काय झालं गं?" आत्या वरून. "अडकला का?"

"न्हाय आत्या. हातानंच निघाला. सैल होता."

काही वेळ त्यांच्या पायांची बोटं तेवढी मला दिसत होती. मग त्यांनी विचारलं, "आणि वर्षभर गळला न्हाय?"

"एक थेंब न्हाय."

त्या अंगणातच खाली बसल्या. आंब्याकडं बघत, समोर माणूस असल्यासारखं म्हणाल्या, "एवढाच आवळला असता तरी पुरला असता की वो. मी कधी काय म्हटलोतो का तुमास्नी?" आणि मग, आप्पा गेले त्या दिवशीही जी बाई लोकांदेखत रडली नव्हती, ती मोठ्यानं रडली. मी तेलाच्याच हातानं त्यांना धरून बसले. लुगड्याला डाग पडले, पडू देत.

डोळे पुसून झाल्यावर नवा फिल्टर मी बसवला. कड्याला तेल लावलं, टेकेपर्यंत फिरवला, थोडा आवळला आणि थांबले. पुरेसा होता. वर्षभर पुरतो, हे आता आम्हाला ठाऊक होतं. मी बाहेर यायला लागले, तर आत्यांनी वाकून पट्टा माझ्यापुढं सरकवला.

"आणि एक निपाणीचा दे की."

म्हणजे त्यांना माहीत होतं! इतकी वर्षं, चहा ठेवता ठेवता, त्या ऐकत होत्या. मी पट्टा लावला, श्वास धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. कर्रकन आवाज आला. ओट्यावर उभा असलेला सतीश म्हणाला, "अगं, बास! पुढच्या वर्षी निघायचा न्हाय हं तो."

"नको निघू दे," आत्या म्हणाल्या. "भांडत बसू."