सुरीला झालेला उशीर

एका माणसाचं मनगट मी मोडलं. लोखंडी सांडशीने, भर दुपारी, त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. त्याने माझी सुरी वेळेवर दिली नव्हती, एवढंच कारण.

आमचा धंदा खाटकाचा. देवळीच्या बाजारात वडिलांचं मटणाचं दुकान होतं. सत्तूर, छोट्या सुऱ्या, हे सगळं बाजारातून यायचं. पण गळ्यावर चालवायची सुरी एकच. ती गिरडच्या टेकडीखाली राहणाऱ्या एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवली होती. दगडावर घासून घासून तिचं पातं निम्मं उरलं होतं. आणीबाणी उठली त्या वर्षी ती एका सकाळी मुठीपाशी तुटली. वडिलांचे हात तोवर थरथरायला लागले होते आणि दुकान माझ्याकडे आलं होतं. मी तेवीस वर्षांचा.

वडील एका बाबतीत फार कडक होते. जनावर एका फिरवणीत गेलं पाहिजे. दुसऱ्यांदा हात चालवावा लागला तर त्या दिवशी ते जेवत नसत. बाजारातली सुरी घेऊ नको, गिरडला जा, असं त्यांनी मला बजावलं.

मी गेलो. लोहार पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. त्याने माझ्या हातात एक काठी दिली, घट्ट धरायला लावली आणि मुठीचं माप म्हणून बोटं संपली तिथे कोळशाने खूण केली. दिवाळीनंतर ये म्हणाला. दिवाळीनंतर गेलो तर संक्रांतीनंतर ये. संक्रांतीनंतर गेलो तर उन्हाळा लागू दे. देवळीहून वर्धा, तिथून हिंगणघाट, पुढे समुद्रपूर, मग गिरड, एस.टी. बदलत बदलत जायचं आणि तेवढ्यासाठी अख्खा दिवस मोडायचा. दरवेळी रिकाम्या हाताने परत.

तोवर काम बाजारच्या सुरीवर चाललं होतं. तिची धार चार जनावरांत वळायची. मी ती दिवसातून पाचदा घासायचो आणि लोहाराला शिव्या द्यायचो.

उन्हाळ्यात जवळच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याने मरीमायचा नवस बोलला होता. बोकड चांगला तयार झालेला, मानेला हळद लावलेली. दोनेकशे माणसं जमली होती, बायका पोरं सगळे. मी सुरी फिरवली आणि ती कातडीवर घसरली. पुन्हा जोर लावला, तर अर्धीच आत गेली. बोकडाने असा हिसका दिला की धरणारे दोघं बाजूला पडले. तो अर्ध्या कापल्या मानेने बायकांच्या घोळक्यात घुसला. लुगड्यांवर रक्त उडालं. एक म्हातारी खाली पडली. त्या बोकडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. ओरडणं नव्हतं ते, नळीतून हवा निघाल्यासारखं काहीतरी होतं. मी त्याच्या मागे धावलो, विहिरीच्या काठावर त्याला पाडलं आणि हाती लागलेल्या दगडाने त्याचं डोकं ठेचलं. तीन-चार घाव घालावे लागले.

नवस करणाऱ्याने सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मारली. मी उभा राहून ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गिरडला निघालो. रस्त्याने माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. थप्पड त्या शेतकऱ्याने मारली, पण ती मी लोहाराच्या नावावर लिहून टाकली होती.

लोहार भट्टीजवळ बसला होता. त्याची बायको घण मारत होती. त्यांच्यात घण बायकाच मारतात. ऐरणीवर वखराची पास होती, मातीत चालणारं आडवं पातं, कुणा शेतकऱ्याचं. सुरी कुठे आहे, मी विचारलं. त्याने वर न बघता सांगितलं, "अजून नाई झाली. पेरण्या होऊ दे, मंग येजो."

मी भट्टीजवळची हातभर लांब सांडशी उचलली. पहिला फटका त्याच्या पाठीवर बसला. दुसरा चुकवायला त्याने उजवा हात वर केला, आणि तो मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो, माझा रोजचाच आहे तो. तरी मी थांबलो नाही. त्याला लाथेने पाडलं, छातीवर बसलो आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटायला लागलो. तो ओरडला नाही. ओरडला असता तर कदाचित मी भानावर आलो असतो.

मग माझ्या डाव्या खांद्यावर घण पडला. त्याच्या बायकोने तो दांड्याकडून फिरवला होता. लोखंडाकडून फिरवला असता तर आज हे सांगायला मी नसतो. मी बाजूला कोसळलो. ती माझ्या डोक्याशी घण धरून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "हालशीन त डोकं फोडीन."

मी हललो नाही. खांद्याचं हाड मोडलं होतं, ते कातडीखाली वर आलेलं दिसत होतं.

पुढचं मला आजही खरं वाटत नाही. तिने लुगड्याचा पदर फाडून नवऱ्याचा हात बांधला, उरलेल्या तुकड्याने माझा बांधला आणि आम्हा दोघांना एस.टी.त बसवून हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं. तिघं एकाच बाकावर, ती मधे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लोहारच बोलला. बैलगाडी उलटली म्हणाला, दोघंबी खाली आलो.

पोलिसात का गेला नाहीत, हे मी त्याला पुढे विचारलं. तारखा करत बसलो असतो त शेतकऱ्यायचे विळे कोणं केले असते, एवढंच तो म्हणाला.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि थरथरत्या हाताने माझ्या गालावर, डोक्यावर, जिथे बसेल तिथे मारलं. दमल्यावर खाली बसले. "आता तू तिथंच जाय," म्हणाले. "त्याचा हात चालत नाई तवरोक भाता तू ओढ."

दुकान चुलत भावाकडे दिलं आणि खांदा जुळल्यावर मी गिरडला गेलो. लोहारणीने मला बघितलं, पण हाकललं नाही. भात्याकडे बोट दाखवलं. पावसाळ्यापासून पुढचा उन्हाळा येईपर्यंत मी तिथेच राहिलो, मधून मधून घरी जात. उजव्या हाताने भाता ओढायचा. लोहार डाव्या हाताने सांडशी धरायचा, बायको घण मारायची. मनगट जुळलं पण वाकडं. बोटं अर्धीच मिटत.

तिथे बसून मला उशीर कशाचा होता ते कळलं. रोज सकाळी शेतकरी यायचे. कुणाची पास बोथट, कुणाची कुऱ्हाड, कुणाच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव. त्यांचं काम त्याच दिवशी करावं लागे, कारण वावर थांबत नाही. सुरी त्यातून उरलेल्या वेळात. आणि एक दिवस झोपडीमागे लोखंडाच्या ढिगात मला तीन पाती दिसली. तिन्ही माझ्या मापाची, तिन्हींना पाणी देताना, म्हणजे लाल तापवून बुडवताना, तडा गेलेला. तिसरं मी त्याला मारलं त्याच्या आठवडाभर आधी फुटलं होतं, असं लोहारणीने सांगितलं.

"मंग सांगतलं काऊन नाई?" मी लोहाराला विचारलं.

"फुटलेली सुरी काय दाखवाची?" तो म्हणाला.

चौथं पातं लोहारणीने घडवलं. तो बाजूला बसून तापलेल्या पात्याचा रंग बघत होता आणि 'आता' म्हणाला तेव्हा तिने ते तेलात बुडवलं. तडा गेला नाही. सुरी तिने माझ्या हाती दिली. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले.

त्या सुरीने मी अनेक वर्षं काम केलं. दुसऱ्यांदा हात चालवावा लागला नाही. पण ती बरोबर चालली की बरं वाटायचं आणि लगेच ते बरं वाटणं नकोसंही व्हायचं.

माझं लग्न झाल्यावर पाच-सहा वर्षांनी लोहार देवळीला आला, त्याच्या मुलीच्या सोयरिकीसाठी. मी त्याला जेवायला घरी नेलं. भाकर त्याला एका हाताने मोडेना. माझ्या बायकोने ती मोडून ताटात ठेवली आणि हाताला काय झालं, असं सहज विचारलं.

"घनाखाली आला," तो म्हणाला आणि जेवू लागला. मीही खाली बघून जेवलो.

तो गेल्यावर मी तिला खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. त्याने तुमचं काय बिघडवलं होतं, असं विचारलं. सुरीला उशीर झाला होता, मी म्हणालो. ती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि मग पलीकडे झोपलेल्या आमच्या लहान मुलीला उचलून आत घेऊन गेली.