विटेतली बोटं

त्या म्हाताऱ्याचा मला हेवा वाटला, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात साउथ कॅरोलायनात पीएचडी करत असताना मी एका जुन्या प्लँटेशनच्या, म्हणजे गुलाम राबवलेल्या मळ्याच्या, टूरला गेलो होतो. मोठ्या हॉलमध्ये गाइडबाई मालकांच्या पिढ्यांची नावं घडाघडा सांगत होत्या. तिथे टोपी न काढलेल्या त्या कृष्णवर्णीय म्हाताऱ्याने बाहेर गुलामांच्या खोल्यांपाशी आल्यावर मात्र ती काढून काखेत धरली. तिथल्या विटांवर त्या विटा थापणाऱ्या गुलामांच्या बोटांचे ठसे राहिले होते. तो एकेका ठशात बोट ठेवत पुढे सरकत होता.

"तुमचे पूर्वज इथले?" मी विचारलं.

"हो. पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आमची वीट कुठली ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांना हात लावतो."

त्याच वर्षी माझे वडील गेले होते आणि मला घरी जाता आलं नव्हतं. श्राद्धाला घ्यायची तीन पिढ्यांची नावं मला पाठ होती. पण हात लावावा असं तिघांचंही काही माझ्याजवळ नव्हतं.

त्याने सरकून मला जागा करून दिली. मी एका ठशात बोट ठेवलं. ते अगदी नीट बसलं, जणू ठसा आमच्याच कुणाचा असावा; म्हणूनच चटकन काढून घेतलं.